बनाबाईची घोडी

नळदुर्गात हायवेच्या कडंला शरणप्पाचं दुकान हाय. दुकान म्हणजे वर चार पत्रे, खाली एक शिलाई मशीन अन् मशीनमागं शरणप्पा. मशीन महिन्यातनं दोनदा बंद पडती. शरणप्पाचं तोंड बंद पडलेलं आजवर कुणी बघितलं न्हाय.

ट्रॅक्टरच्या सीटा, मोटारसायकलचे कव्हर, ट्रकवाल्यांच्या गाद्या, असलं सगळं तिथं शिवून मिळतंय. पण मूळ धंदा खोगिराचा. घोड्याच्या पाठीवर बसायला जी गादी टाकत्यात ती भरायचा. बाप तेच करायचा, आजा तेच करायचा. आता घोडं राहिलं ते निस्तं वरातीपुरतं, अन् वरातीच्या घोड्याचं नाव काढलं की शरणप्पाच्या कपाळाला आठी. "त्याच्यावर बसतो कोण? तासाभराचा नवरदेव. घोडं चालायलंय का उभं हाय, एवढंबी त्याला कळत न्हाय. त्याच्या बुडाखाली खोगीर टाकायचं म्हंजे चांगल्या मालाची खराबी."

एकदा गावसभेत कुणीतरी शिकलेला उठला अन् म्हणला, "ही कमिटी म्हणजे निस्ती खोगीरभरती हाय." सगळी हसली. शरणप्पा उठून उभा राहिला.

"तू भरलंयस का रं कधी खोगीर?"

"अहो, तसं न्हाय. म्हणायची पद्धत हाय."

"कुणाची पद्धत? ज्याला दाभण कुठनं धरायचं कळत न्हाय त्याची? ऐक. जनावराच्या कण्यावर भार आला न्हाय पायजे. कण्याच्या दोन्ही अंगानं भरायचं अन् मधी वाट सोडायची. जास्त भरलं तर पाठ लागती, कमी भरलं तरी लागती. पाठ लागली म्हंजे कातडं सोलतंय, फोड येतोय, मग राजाचं घोडं असूं दे, दारात उभंच. अन् तू म्हणायलास खोगीरभरती म्हंजे फालतू माणसं! त्या कमिटीतल्या एकालाबी भरती जमणार न्हाय."

सभा त्या दिवशी लवकर संपली.

दुकानाशेजारी चहाचा गाडा हाय. रोज सकाळी सहा-साडेसहाला तिथं उत्कर्ष सरांची सायकलवाली पोरंपोरी थांबायची. उत्कर्ष सर म्हंजे कॉलेजातले खेळाचे सर. डोळ्याला काळा गॉगल, डोस्क्यावर भोपळ्यावानी हेल्मेट, अन् खाली ती चड्डी. काळी, अंगाला चिकटलेली, बुडाला गादी लावलेली. सर सायकलवरनं उतरून चालायला लागले की शरणप्पाला लंगोट भरलेलं, नुकतं पावलं टाकायला लागलेलं लेकरू आठवायचं.

"सर," एक दिवस त्याच्यानं राहावलं न्हाय, "गादी सायकलीला असाय पायजे का माणसाला?"

"आण्णा, ही सायकलिंगची चड्डी हाय."

"व्हय, पण तुमी तर गादी अंगाला बांधून फिरायलाव. उद्या खुर्चीवर बसायचं म्हणून खुर्ची कमरंला बांधून येताल."

पोरं फिसफिसली. सरांनी गॉगल वर सरकवला. "हे तुमच्या डोक्याच्या बाहेरचं हाय, आण्णा. आतमधी जेल हाय. चार सेंटीमीटर. जेवढी जाड गादी तेवढा आराम. साधं गणित हाय."

"कुणी शिकवलं?"

"इंटरनेटवर हाय सगळं."

"मंग त्या इंटरनेटचीबी पाठ लागली असंल."

आता पोरं खोखो हसली. एक पोरगी तेवढी हसली न्हाय. बनाबाईची नात, श्रावस्ती. एकोणीस वर्षांची, बारकी, पण चढावर सगळ्यांच्या पुढं असायची. ती मागनं आली अन् सायकलवरनं उतरली, अन् शरणप्पाच्या हातातला चहा तसाच राहिला. पोरीनं आधी पाय टेकवले, मग सीटवरनं अंग अलगद उचललं, आवाज न करता, दात दाबून. मग उभ्यानंच चहा प्याली. बाकडं रिकामं होतं.

चाळीस वर्षं त्यानं लागलेल्या पाठी बघितल्या होत्या. जनावर सांगत न्हाय, त्याच्या चालीवरनं ओळखावं लागतंय. पण दुसऱ्याच्या घरातली तरणी पोर. तिला काय विचारणार? त्यानं मान फिरवली अन् चहावाल्यावर खेकसला, "ह्यो चहा हाय का भांडी धुतलेलं पाणी?"

त्याच आठवड्यात गावात फ्लेक्स लागला. धारशिवला येडशी रोडवर मुलींची निवड. वीस वर्षांच्या आतल्या तीन पोरी घेणार, पुण्याच्या वसतिगृहात ठिवणार, शिकवणार, सायकल देणार. फ्लेक्सवर उत्कर्ष सरांचा फोटो दारावढा मोठा अन् पोरींचे फोटो खाली, लग्नपत्रिकेत बालगोपाळांची नावं असत्यात तसे.

मंगळवारी दुपारी बनाबाई दुकानात आली. काखंत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गाठोडं.

"जयभीम, आण्णा."

"जयभीम, बनाक्का. या. सुगतच्या गाडीची सीट फाटली का परत?" सुगत म्हंजे बनाबाईचा लेक, श्रावस्तीचा बाप. लोहाऱ्याला तहसीलात कामाला. त्याच्या मोटारसायकलची सीट वर्षाला एकदा फाटायची.

"सीट न्हाय." बनाबाईनं मागं बघितलं, पुढं बघितलं. "एक घोडी हाय."

"कुणाची?"

"हाय एकाची."

"नळदुर्गात दोन घोड्या हायत. दोन्ही वरातीच्या, अन् दोन्हीचं खोगीर म्याच भरलंय. तिसरी कुठनं आली?"

"तुमी घोडीचं गाव इचारायलाव का दुखणं?" बनाबाई डाफरली. मग आवाज बारीक केला. "पाठ लागलीय तिची."

शरणप्पा काहीतरी वाकडं बोलणारच होता. तेवढ्यात त्याला गाठोड्याच्या फटीतनं काळं, चकचकीत कापड दिसलं. त्यानं दाभण उचललं अन् उगंच त्याच्या नेढ्यातनं उजेडाकडं बघितलं.

"कवापासनं?"

"महिना झाला. सांगितलंच न्हाय कुणाला. परवा चालंना, तवा कळलं. दोन्ही अंगाला फोड. नर्सबाईनं मलम दिलं अन् चार दिवस बसू नका म्हणली. मलमानं भरतंय, खोगीर घातलं की परत उलतंय."

"पळायचं कवा हाय घोडीला?"

"ह्यो ऐतवार सोडून पुढचा."

"बारा दिवस. अन् न्हाय पळाली तर?"

"तर झालं. पुढल्या साली वय निघून जातंय. परत घेत न्हायत." बनाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "घोडी रोज पहाटं उठून आरशात बघून म्हणती, म्या पुण्याला जाणार. आता दोन दिवस झाले, तेबी म्हणंना."

शरणप्पानं हात पुढं केला. "आणा ते खोगीर."

त्यानं चड्डी उलटी केली अन् मांडीवर पसरली. गादीवर अंगठा दाबला. अंगठा थेट मांडीला जाऊन टेकला, अन् उचलला तरी खड्डा तसाच.

"जेल म्हणे! ही गादी न्हाय, चिखल हाय. बसलं की इकडंतिकडं पळतंय, हाड जाऊन खाली आपटतंय. अन् ही शिवण बगा. बरोबर मधी. मधी शिवण घालणाऱ्याला त्याच शिवणीवर बसवून हैदराबादला न्यावं." त्यानं कमरंचं इलॅस्टिक ताणलं. "अन् हे माप कुणाचं? घोडी बारकी अन् खोगीर म्हशीचं. खोगिराचा तंग, पोटाखालचा पट्टा, ढिला असला की घासणारच."

"सर म्हणले, मोकळं घ्या."

"सर!" शरणप्पानं तो शब्द असा थुंकला की चहावाल्यानं वळून बघितलं. "बरं. ह्याच्या खाली घोडी काय घालती का?"

"खाली म्हंजे?"

"खोगीर अन् कातडं ह्याच्या मधी."

बनाबाईनं तोंडाला पदर लावला. "घालतीच की. तशीच कशी..."

"कशाचं?"

"सुती."

"त्याला कड असती?"

"असती."

"शिवण?"

"आता असती की आण्णा, कापडच ते!"

"काढायला सांगा. मधी काय नको. खोगीर थेट कातड्यावर. दोन शिवणी कमी होत्यात."

"अगं आई. लोक काय म्हणतील?"

"लोकांना कोण सांगायलंय? घोडी सांगणार हाय का?"

त्यानं चड्डी नाकाजवळ नेली अन् कपाळाला आठ्या घातल्या. ओल्या गोणपाटाचा वास. चांगली धुतलेली होती, घाण नव्हती. पण वाळलेली नव्हती.

"हे वाळवताव कुठं?"

"घरात."

"घरात कुठं?"

"न्हाणीत, दोरीवर. वरनं लुगडं टाकती म्या."

"लुगडं का?"

"का म्हंजे? असलं कापड अंगणात टांगत्यात का? येणारंजाणारं बघतंय!"

शरणप्पानं दाभण खाली ठिवलं. "बनाक्का, बाकीचं सगळं त्या सराचं करणं हाय. पण हे एवढं तुमचं. घामानं भिजलेली गादी तुमी लुगड्याखाली कोंडताव. सकाळी दमटच घालती घोडी. कातडं भिजून मऊ पडतंय, वर शिवण करवतीवानी फिरती. फोड न्हाय येणार तर काय मोती येणार? खोगीर रोज धुवायचं, उलटं करायचं अन् भर उन्हात टाकायचं."

"अंगणात?"

"अंगणात."

"उलटं करून? ती गादी वर?"

"गादी वर. आभाळाकडं तोंड."

बनाबाई शेतात नांगर धरलेली बाई होती, चावडीवर सरपंचाला आडवी गेलेली होती, पण ह्या दोरीपुढं अडली. "बघती," म्हणली.

"बघती न्हाय. उद्याच. अन् अजून एक. माती मळा, पिठावानी. पाटावर दोन बोटं जाड थापा. घोडीला त्याच्यावर बसवा, जरा पुढं वाकून. उठवा. पाट झाकून आणा."

"घोडी पाटावर बसती व्हय?"

"तुमची बसती का न्हाय?"

"...बसती."

दुसऱ्या दिवशी बनाबाई डोक्यावर पाट घेऊन आली, वर टॉवेल झाकलेला. चहावाला म्हणला, "काय मावशी, मूर्ती का?" ती म्हणली, "तुझी अक्कल हाय. वाळत घालायला चालले."

पाटावरच्या मातीत दोन खड्डे उमटले होते, वाटीच्या बुडाएवढे. बुडाची हाडं तिथं टेकत होती. शरणप्पानं बोटं लावून माप घेतलं, पुठ्ठा कापला अन् त्याला त्याच अंतरावर दोन भोकं पाडली. तेवढ्यात त्याची बायको रुद्रम्मा भाकरी घेऊन आली.

"हे काय खेळायलाव मातीत?"

"माप हाय."

"कशाचं?"

"घोडीचं."

रुद्रम्मानं पाट बघितला, बनाबाईकडं बघितलं, परत पाट बघितला. "घोडीला म्हणावं दूध पीत जा. मातीत वजनच उतरलं न्हाय," म्हणली अन् डबा ठिवून निघून गेली.

"चड्डी म्या शिवू शकत न्हाय," शरणप्पानं कबूल केलं. हे म्हणताना त्याचा आवाज खाली आला. "हे ताणणारं कापड माझ्या मशीनीला चालत न्हाय. धारशिवला दुकानात जाऊ, म्या निवडून देतो. पण तवर घोडी बांधून ठिवा. सहा दिवस सायकल न्हाय. पाय सैल पडू नयेत म्हणून रोज किल्ल्याच्या पायऱ्या चढूंद्या. बसायचं तेवढं न्हाय."

तिसऱ्या दिवशी उत्कर्ष सर दुकानात शिरले. हेल्मेट डोक्यावरच.

"आण्णा, तुमी श्रावस्तीला घरी बसवलं?"

"म्या एका घोडीला बसवलं."

"घोडी कुठं आली मधीच? ह्या आठवड्यात तिचे तीनशे किलोमीटर बाकी हायत! दुखत होतं तर मी उपाय सांगितला होता की. दोन चड्ड्या घाल, एकावर एक. डबल पॅड."

शरणप्पा त्यांच्याकडं बघतच राहिला. "दोन? एकावर एक?"

"मग!"

"सर, तुमी एक करा. पायात दोन जोड चपला घाला अन् स्टँडपतोर पळून दाखवा. मग म्या पोरीला सायकलवर बसवतो."

"निवड झाली न्हाय तर जबाबदार कोण?"

"तुमी. फ्लेक्सवर फोटो तुमचा हाय. माझा असता तर गाढवानं खाल्ला असता तरी चाललं असतं."

सर तणतणत गेले. पण ते गेल्यावर शरणप्पाचं हातातलं काम थांबलं. सर मूर्ख होते, पण एक गोष्ट खोटी नव्हती. बांधलेलं जनावर बरं होतंय तसं सैलबी पडतंय. सहाचे चार दिवस करावेत का? नर्सबाईनंबी चारच सांगितले होते. पण चारमधी कातडं कच्चंच राहिलं तर वीस किलोमीटरात परत उलणार. त्यानं दोनदा बनाबाईच्या घराकडं पाऊल टाकलं अन् दोनदा परत फिरला. जीभ एवढी चालणारा माणूस, पण पोरीचं वरीस आपल्या शब्दावर टांगलंय म्हणल्यावर त्याला जेवण गोड लागंना. शेवटी सहाच दिवस ठरवले, अन् रुद्रम्मावर ओरडला की आमटीत मीठ न्हाय. होतं.

बनाबाईनं तिकडं अंगणात दोरी बांधली. जुनीच चड्डी, नवी येईपतोर दोरीची सवय म्हणून, पण उलटी, गादी वर. शेजारची इरम्मा कुंपणावरनं म्हणली, "अगं बनाक्का, हे काय वटवाघूळ टांगलंय?"

"नातीची चड्डी हाय. सायकलीची. तुला काय घालायची हाय का?"

इरम्मा दोन दिवस बोलली न्हाय. तिसऱ्या दिवशी मिरच्या वाळवायला तिचीच दोरी मागायला आली.

सोमवारी तिघं एसटीनं धारशिवला गेली. श्रावस्ती उभीच होती, सीट रिकामी असून. तिला दुकानात यायचं नव्हतंच. आजीनं हात धरून आणली होती. शरणप्पाकडं तिनं वाटंत एकदाबी बघितलं न्हाय, अन् शरणप्पा खिडकीतनं दिसणाऱ्या सोयाबीनला शिव्या देत बसला.

खेळाच्या सामानाचं दुकान. आत गारवा, भिंतीला चड्ड्याच चड्ड्या. गल्ल्यावरचा पोरगा केसाला काहीतरी चोपडून बसलेला. शरणप्पा सरळ रांगेला भिडला. एकेक चड्डी उलटी करायचा, अंगठा दाबायचा अन् खाली टाकायचा.

"मेलं."

दुसरी.

"हे तर कापसाचं दुकान."

तिसरी. "मधी शिवण. ह्याच्या आईला."

"ओ आजोबा!" पोरगा उठला. "ते लेडीजचं हाय."

"दिसतंय मला."

"तुमाला कुणासाठी पायजे?"

"घोडीसाठी."

बनाबाईला ठसका लागला. अन् बुटांच्या रॅकमागनं फुर्रकन आवाज आला. श्रावस्ती दोन्ही हातानं तोंड दाबून हसत होती, हसता हसता खाली बसायला गेली, बसता येईना म्हणून उभ्यानंच डोळे पुसत होती. महिनाभरात पोरगी हसली नव्हती, हे बनाबाईनं नंतर सांगितलं.

हसून झाल्यावर ती पुढं आली अन् शरणप्पाच्या हातातला पुठ्ठा घेतला.

"द्या आण्णा. म्या बघती."

तिनं पुठ्ठा गादीवर ठिवला, दोन भोकातनं बोटं घातली अन् दाबलं. "ह्याची गादी आत संपतीय. हाड भाईर जायलंय."

"टाक खाली."

"हे बरोबर येतंय. पण दबल्यावर वर येईना."

"टाक. दाबलं की सावकाश वर आलं पायजे, म्हशीनं उठावं तसं. एकदम उसळलं तरी नको, मेल्यावानी पडलं तरी नको."

"मधी वाट हाय ह्याला, बगा. घळ ठिवलीय."

शरणप्पानं ती चड्डी घेतली. गादी पातळ, पण घट्ट. मधी लांब घळ, दोन्ही अंगाला भरती. शिवणी सगळ्या चपट्या, मांडीकडं सरकवलेल्या. त्यानं नाक मुरडून चारदा उलटसुलट केली. दोष काढायला त्याला लई वेळ लागला, अन् तरी सापडला न्हाय.

"कुणीतरी शाणा भेटला वाटतं ह्यांना," म्हणला. त्याच्या तोंडनं ही लई मोठी तारीफ होती.

गल्ल्यावरचा पोरगा मधी पडला. "आजोबा, ती पातळ हाय हो. सगळे जाडच नेत्यात."

"म्हणूनच सगळे वाकडे चालत्यात. तू कवा बसलायस सायकलवर?"

"माझी बुलेट हाय."

"मंग गप बस."

श्रावस्ती आत जाऊन घालून आली. वरनं कुडता. "आण्णा, उभं राहिलं की जरा ओढल्यावानी होतंय. सुरकुती न्हाय पण."

"तू सायकलवर उभी राहणार हायस का? वाक. हँडल धरल्यावानी धर. आता?"

ती वाकली. "आता न्हाय. आता काय लागतच न्हाय."

"मंग हीच. दोन घे. एक अंगावर, एक दोरीवर."

तिथनं घरी येईपतोर कुणी घोडीचं नाव काढलं न्हाय.

निवडीच्या दिवशी शरणप्पा धारशिवला गेला. रुद्रम्माला म्हणला, रेक्झिन आणायचंय. रुद्रम्मा म्हणली, "ऐतवारी रेक्झिनचं दुकान उघडं असतंय का?" तो म्हणला, "तुला काय कळतंय?" अन् गेला.

येडशी रोडला दहा किलोमीटर जायचं अन् परत यायचं. चौदा पोरी. सुटल्या तशी सगळी माणसं घड्याळं काढून बसली. उत्कर्ष सर तर फोनमधी बघून दर मिनिटाला काहीतरी ओरडत होते. शरणप्पाला घड्याळातलं कळत नव्हतं. तो रस्त्याच्या कडंला, बाभळीखाली उभा राहिला, अन् पोरी परत यायला लागल्या तशा त्यानं फक्त बुडं बघितली, घोडेवाला घोड्याची पाठ बघतो तशी. एक पोरगी डावीकडं कलली होती. एक दर चार पायडलाला उठायची. एक तर सीटच्या टोकावर आली होती, पार नळीपतोर.

दोन पोरी पुढं निघून गेल्या, लातूरकडच्या. त्यांच्या मागं तिघींचा घोळका, त्यात श्रावस्ती. ती खुंटा ठोकल्यावानी बसली होती. कंबर हालत नव्हती. पण पाय थरथरत होते, अन् ते शरणप्पाला लांबनंच दिसलं. सहा दिवस. दोन जास्तच झाले. चार पुरले असते. आपल्या हट्टापायी पोरीचे पाय सैल पडले.

"दाब की!" तो ओरडला. आजूबाजूची माणसं दचकली. "सीटवर बसून दाब! उठू नको!"

शेवटच्या वळणाला बाकीच्या दोघी सीट सोडून उठल्या. बसवत नव्हतं त्यांना, बघणाऱ्याला कळत होतं. श्रावस्ती बसूनच राहिली. तिघी रेघेवर एकत्रच आल्या. मग बराच वेळ माणसं फोनमधी फोटो मोठे करकरून बघत बसली. शेवटी निवडीच्या मॅडमनी कागदावरनं वाचलं. तिसरी, नळदुर्ग, श्रावस्ती सुगत. अर्ध्या चाकानं.

रेघेपाशी उभी असलेली बनाबाई खालीच बसली, मातीत, अन् पदरात तोंड घालून हमसून रडली. शरणप्पानं बाभळीकडं तोंड केलं अन् नाक शिंकरलं.

तिकडं मॅडमपुढं उत्कर्ष सर उभे. गॉगल डोक्यावर. "शेवटच्या आठवड्यात मीच तिला विश्रांती दिली, मॅडम. शास्त्र असतं त्याला. लोकांना वाटतं, रोज पळवलं म्हणजे झालं."

शरणप्पानं ऐकलं. बोलणार होता. मग मनात म्हणला, घेऊं दे, त्या फ्लेक्सला काहीतरी लागतंय.

पण श्रावस्ती तोंड पुसत तिथंच उभी होती. "सर," ती म्हणली, "तुमी मला दोन चड्ड्या घालायला सांगितलं होतं."

मॅडमनी वर बघितलं. "म्हणजे?"

"मला फोड आले होते, मॅडम. बसायच्या जागी, दोन्ही बाजूला. महिनाभर. चड्डी चुकीची होती, आतमधी अजून कापड घालत होते, अन् धुतलेली लपवून वाळवत होतो. लाज वाटायची म्हणून सांगितलं न्हाय. आजीनं सांगितलं, ह्या आण्णांना. त्यांनी विश्रांती दिली, अन् चड्डी त्यांनीच निवडायला शिकवली."

एवढं सगळं ती मोठ्यानं बोलली, भर रस्त्यात, माणसांपुढं. शरणप्पाचे कान तापले. "आगं हळू बोल की," तो पुटपुटला, "सगळं येडशी ऐकायलंय."

मॅडम काही बोलायच्या आत चौथी आलेली पोरगी, रडून रडून डोळे लाल झालेली, खाली बघत म्हणली, "मलाबी हायत."

"मलापण," मागनं एक.

मग अजून एक. ती लातूरची, पहिली आलेली. "मी तर उभं राहूनच जेवते."

कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, अन् हसता हसता शरणप्पाभोवती गोळा झाल्या. मॅडम म्हणल्या, "काका, सांगा ना ह्यांना. काय बघून घ्यायची?"

आयुष्यभर ज्यानं कुणी न विचारता सांगितलं होतं, त्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, अन् त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. चौदा पोरी त्याच्याकडं बघत होत्या. त्यानं टोपी काढली, परत घातली. "मला काय इचारताव? तिला इचारा. तिला कळतंय आता."

श्रावस्ती सांगायला लागली. अंगठा कसा दाबायचा, घळ कशी बघायची, घालून वाकून कसं बघायचं. जिथं चुकली तिथं शरणप्पा "हं" म्हणायचा, अन् ती दुरुस्त करायची. बाजूला उत्कर्ष सरांनी गपचिप फोन काढला होता अन् मान खाली घालून तिचा शब्द न् शब्द टिपून घेत होते.

शरणप्पा एसटी स्टँडकडं निघाला. सरांच्या जवळनं जाताना थांबला.

"सावकाश लिवा, सर. पोरगी पुण्याला चालली. परत सांगायला इथं नसंल."